रघोजीच्या घरचा दट्ट्या

आमच्या मेढे संदूत पाणी वरून खाली यायचं आणि चहाडी खालून वर जायची. संदु म्हणजे बोळ. तंजावूरच्या राजवाड्यामागे असे पुष्कळ बोळ होते, त्यांतला हा एक, अकरा घरांचा, सगळी मराठी बोलणारी. आमचं मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे पदराआड हसायचे. हसोत बापडे! त्यांच्याकडे रघोजी नव्हता.

बोळाच्या डोक्याला एक तळं होतं. तमिळ लोक त्याला मगिळंकुळम म्हणत, आम्ही बकुळतळं. काठावर चार बकुळी होत्या म्हणून. तळ्यातून जमिनीखालून भाजक्या मातीचा नळ निघायचा, तो पहिल्या घराच्या विहिरीत. त्या विहिरीला समोरच्या अंगाला दुसरं भोक, तिथून नळ दुसऱ्या घराच्या विहिरीत. असं करत करत अकरा विहिरी भरून उरलेलं पाणी हनुमंताच्या देवळामागच्या फुलबागेतल्या बाराव्या विहिरीत जायचं. हे कोणी बांधलं ते विचारू नका. ज्याला विचारावं तो आपल्याच पणजोबाचं नाव सांगायचा.

या नळांची देखभाल रघोजीच्या घराण्याकडे. त्याचं घर पाचवं, आमचं तिसरं. उंच, वाळका माणूस, कानावर केसांचे झुबके, पायांत कधी वहाण नाही. वैशाखात डांबर वितळायला लागलं तरी अनवाणी. चालता चालता मध्येच थांबायचा, टाच दाबून बघायचा आणि म्हणायचा, "इथं गार लागतंय. खाली नळ पाझरतोय." खणलं की पाझरत असायचाच! आम्ही सगळी मुलं त्याला रघोजीमामा म्हणायचो. विहिरीपाशी साबण दिसला की हाच मामा राक्षस व्हायचा. "अगे, तुझ्या अंगाचा मळ खालच्या घरच्या शेषम्मानं प्यायचा कां गे?" असं मला एकदा भर बोळात ओरडला होता. मी सात वर्षांची. त्या दिवशी मी त्याला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते आता लिहीत नाही.

आता दट्ट्याचं सांगते, कारण सगळी गोष्ट त्यावरच अडली आहे. अक्षरशः अडली.

वाहत्या पाण्याला जात नाही, विटाळ नाही, असं आमचे अप्पा म्हणायचे. अप्पा म्हणजे माझे वडील, बाळकृष्णराव, कलेक्टर कचेरीतले हेडक्लार्क. पण वाहत्या पाण्याला सुतक मात्र होतं. आमच्या लोकांचं शास्त्र असं सोयीचं! घरात कोणी गेलं की त्या घरच्या विहिरीचं पुढचं भोक बंद करायचं, म्हणजे सुतकाचं पाणी पुढच्या घरी जात नाही. त्यासाठी फणसाच्या लाकडाचा दट्ट्या असायचा, नारळाएवढा जाड, एका टोकाला निमुळता, मागे लोखंडी कडी. माणूस गेलं की त्याच दिवशी रघोजी विहिरीत उतरून दट्ट्या ठोकायचा. तेराव्या दिवशी सकाळी न बोलावता यायचा आणि काढायचा. मग घरच्यांनी त्याला एक नारळ आणि एक नवं धोतर द्यायचं. दट्ट्या निघाला, खालच्या विहिरीत पाणी खळखळलं, की सुतक फिटलं. भटजी काहीही म्हणोत, आमच्या बोळात सुतक त्या आवाजानं फिटायचं.

दोन नियम होते. ज्या घरचं सुतक, त्या घरच्यानं तेराव्याला दट्ट्याला हात लावायचा नाही. आणि काढायला या म्हणून कोणाला सांगायचं नाही. यायचं असतं.

रघोजीची बायको अंबा. मूलबाळ नाही. बुटकी, गोरी, आणि बोलण्यात रघोजीच्या दुप्पट. रघोजी दुसऱ्यांच्या विहिरींत उतरायचा आणि आपल्या विहिरीची कप्पी कुरकुरत ठेवायचा, म्हणून ती त्याला रोज फैलावर घ्यायची. "सगळ्या बोळाला तेल, माझ्या कप्पीला पाणी!" पहाटे ती पाणी शेंदायला लागली की त्या कप्पीच्या आवाजानं आम्ही उठायचो. घड्याळ लागायचं नाही.

बावन्न सालच्या कार्तिकात ते मोठं वादळ आलं. नागपट्टणकडून जे सुटलं ते नारळी मोडत, कौलं उडवत इथवर. ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. त्या रात्री रघोजी आणि अंबा तळ्याच्या बांधावर पोती टाकत होते. बांध वाचला. अंबेला ताप भरला आणि आठव्या दिवशी ती गेली.

त्या दिवशी दुपारी रघोजी आपल्याच विहिरीत उतरला आणि आपल्याच घरचा दट्ट्या त्यानं ठोकला. मी तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर उभी होते. आवाज ऐकलाय मी. ठक, ठक, ठक. मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा ठक.

तेराव्याला आम्ही सगळे त्याच्याकडे जेवलो. मग त्याची तिरुवैयारुची थोरली बहीण त्याला आपल्याकडे घेऊन गेली. तीन महिने तो तिथेच होता, कावेरीच्या घाटावर नुसता बसून असायचा म्हणे.

तेवढ्यात खालच्या विहिरी आटल्या. सहाव्या घरापासून पुढे एकेक. सगळे म्हणाले, वादळानं नळ फुटला. दुसरं कोण काय म्हणणार? अर्ध्या गावाची छपरं उडाली होती, तिथं जमिनीखालच्या नळाचं कोणाला नवल! रघोजी परत आला तेव्हा वाळून कोळ झाला होता. त्यानं पाचव्या आणि सहाव्या घरांमधला रस्ता दोनदा खणला. नळ धड होता, पण कोरडा. "वादळानं इथंच कुठंतरी दबला असेल," असं पुटपुटत त्यानं खड्डा बुजवला. स्वतःच्या विहिरीवर त्यानं फळ्या टाकल्या होत्या. अंबेची कप्पी पुन्हा ऐकायची नाही, म्हणून. आम्हीही ते समजून घेतलं. काही गोष्टी माणसं जरा जास्तच समजून घेतात.

पुढे छप्पन्न साली बोळाच्या तोंडाशी सरकारी नळ आला. पितळी तोटीचा. विहिरी विसरायला लोकांना आठ दिवस पुरले. आटलेल्या विहिरींत फुटक्या घागरी, जुनी केरसुणी, काय वाटेल ते पडायला लागलं. तळ्यात कोणी मांडवाचे बांबू टाकले, कोणी राडारोडा. एकटा रघोजी रोज सकाळी बांबूला जाळी बांधून शेवाळ काढायचा. "मामा, कशाला?" असं मी एकदा विचारलं. मी तोवर मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले होते आणि मला सगळं कळायला लागलं आहे असा माझा समज होता. तो म्हणाला, "पाणी जायचं थांबलंय गे, यायचं थांबलं नाही. येतंय तोवर काढायचं."

एकसष्ट साली योजना आली. जुनं गाव सुधारायचं, रस्ते रुंद करायचे, गटारं बांधायची, आणि बकुळतळं बुजवून तिथं चाळीस दुकानांचा बाजार करायचा. योजनेचा इंजिनियर चिदंबर नावाचा तरुण होता, मायावरमकडचा, चष्मेवाला, हातात कायम गुंडाळलेला नकाशा. खोटं कशाला बोलू, माणूस वाईट नव्हता. त्यानं आमच्या ओट्यावर नकाशा पसरून सगळं समजावून सांगितलं. तळ्याच्या जागी नुसते चौकोन, चौकोन.

शेषम्मा खूश! ती आठव्या घरातली. जिभेला हाड नाही आणि विहिरीत थेंब नाही. "बुजवा," ती म्हणाली. "डासच डास नुसते. नऊ वर्षांत त्या तळ्यानं मला एक तांब्या पाणी दिलं असेल तर शपथ."

रघोजी ओट्याखाली उभा होता. त्याला नकाशा वाचता येत नव्हता, पण चौकोन कळले. तो तमिळमध्ये म्हणाला, "सामी, तळं बुजलं की वरच्या पाच विहिरीही जातील. सरकारी नळाला एप्रिल-मेमध्ये पाणी येत नाही तेव्हा आख्खा रस्ता माझी सोडून बाकीच्या चारांवर जगतो. आणि खालच्या सात मी चालू करून देतो."

"नळ फुटलेत ना?" चिदंबर म्हणाला.

"फुटलेले नाहीत. मी खणून पाहिलंय."

चिदंबरनं चष्मा पुसला. "मग दाखवा. मी येत्या सोमवारी नकाशा घेऊन मद्रासला जातोय. तोवर तळ्यात टाकलेलं काही देवळाच्या विहिरीत निघालं, तर मी ही दुकानं दुसरीकडे हलवीन. नाही निघालं, तर पोंगल झाल्यावर माती पडायला लागेल."

ही जुनीच रीत होती. तळ्याच्या मोरीत भाताचं तूस सोडायचं आणि कुठल्या विहिरीत तरंगतं ते पाहायचं. शुक्रवारी सकाळी रघोजीनं अर्धं पोतं तूस सोडलं. मार्गळीचा, म्हणजे मार्गशीर्षाचा महिना, दारोदार मोठ्ठ्या रांगोळ्या, आणि सगळा बोळ आपापल्या विहिरीत वाकलेला. पहिल्या विहिरीत तूस आलं. दुसऱ्या, आमच्या, चौथ्या. रघोजीच्या विहिरीवरच्या फळ्या चिदंबरनं स्वतः सरकवून पाहिल्या. तिथंही पिवळा थर. सहाव्या विहिरीत काही नाही. दुपारपर्यंत नाही, शनिवारी सकाळीही नाही.

शेषम्मा म्हणाली, "झालं समाधान?" रघोजी घरी जाऊन ओट्यावर बसला. त्याचं वय तेव्हा पंचावन्न असेल, त्या सकाळी तो सत्तरीचा दिसत होता. हे तळं गेलं की त्याच्यापाशी काय राहणार होतं? घराण्याचं काम ते, आणि अंबा गेली ती त्याच तळ्याच्या बांधापायी.

मी कॉफीचा डवरा घेऊन त्याच्याकडे गेले. त्यानं घेतला नाही. मी तिथंच बसून विचार करत होते. पाचव्यात येतं, सहाव्यात जात नाही. मधला नळ धड आहे. मग अडतं कुठे? आणि एकदम मला तो आवाज आठवला. ठक, ठक, ठक.

"मामा," मी म्हटलं, "अंबामामी गेल्या तेव्हा तेराव्याला दट्ट्या कोणी काढला?"

"काढला की कोणीतरी."

"कोणी?"

"मी तापात होतो गे. सकाळपासून वाट पाहत होतो. मग अक्का म्हणाली, सगळं झालं, तू चल आता." तो माझ्याकडे बघायला लागला. "काढला असेल ना गे कोणीतरी? बोळात एवढी माणसं."

तो उठला आणि आत गेला. कोपऱ्यात अंबेची लाकडी पेटी होती. नऊ वर्षं तिला कोणी हात लावला नव्हता. त्यानं झाकण उघडलं. अंबेच्या लुगड्यांवर एक कोरं धोतर होतं, घडी न मोडलेलं, आणि त्यावर एक नारळ. दट्ट्या काढणाऱ्याला द्यायला त्यानं तेराव्याच्या सकाळी काढून ठेवलेला. बहिणीनं निघताना उचलून पेटीत टाकला असणार. रघोजीनं नारळ कानाशी हलवला. आत सुकं खोबरं खुळखुळलं.

कोणी आलंच नव्हतं.

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. आम्ही सगळे त्या दिवशी त्याच्या घरी होतो! वाढलेलं जेवलो, त्याच विहिरीच्या पाण्यानं हात धुतले आणि कौलं शाकारायला घरी पळालो. दट्ट्या काढायला रघोजी येतो, हे आम्हाला इतकं ठाऊक होतं, की रघोजीच्याच घरी कोण येणार हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. शहाणी माणसं सगळी! माझे अप्पा तर गीतेवर प्रवचन करायचे.

मी बाहेर आले आणि बोळात उभी राहून ओरडले. शाळेत चाळीस मुलींना गप्प करायचा आवाज आहे माझा. सगळे बाहेर आले. मी सांगितलं. मग एकदम सगळेच बोलायला लागले. आज शनिवार, आज काढावा का? नऊ वर्षांनी सुतकाचा विधी काय? उतरणार कोण? दट्ट्या फुगला असेल, तुटला तर? अप्पा म्हणाले, "आधी शास्त्रीबोवांना विचारू."

"विचारत बसा," मी म्हटलं आणि घरात जाऊन अम्माचं नऊवारी नेसले. घट्ट कासोटा घातला. उगाच नाही आमच्या आज्यांनी हे लुगडं तीनशे वर्षं धरून ठेवलं. माझं लग्न व्हायचं होतं, आणि अम्मा दारात कपाळाला हात लावून "अय्यो, आता कोण करणार हिला" म्हणत होती.

रघोजीनं दोर हातात घेतला नाही. नियम म्हणजे नियम. तो ओट्यावर आमच्याकडे पाठ करून बसला आणि तिथूनच सांगत होता. "भिंतीत खोबण्या आहेत, डाव्या पायानं सुरुवात कर. पाणी छातीला लागेल. उत्तरेच्या अंगाला हात घाल." मी उतरले. पाणी बर्फ. तूस तोंडाशी येत होतं. हात घातला आणि बोटांना लोखंडी कडी लागली, गंजून खरबरीत झालेली. "आहे!" मी ओरडले.

कडीत दोर ओवला, गाठ मारली, वर आले. दोर अंबेच्या कप्पीवरून टाकला आणि बोळानं ओढायला सुरुवात केली. अप्पांनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या. तूस पाहायला पुन्हा आलेल्या चिदंबरनं नकाशा ओट्यावर ठेवला आणि तोही दोराला लागला. दट्ट्या हलेना. तेव्हा शेषम्मा पुढे आली. "बाजूला व्हा रे, भात जेवता की वारा?" असं म्हणून तिनं दोर धरला. कप्पी कुरकुरली. नऊ वर्षांनी. रघोजीची पाठ हललेली मी पाहिली. मग खालून भप्प असा आवाज झाला, दोर एकदम सैल आला आणि निम्मा बोळ पाठीवर पडला.

कोणी हसलं नाही. सगळे ऐकत होते. सहाव्या घरातून ओरडा आला, "आलं! आलं!" आणि जमिनीखाली पाणी धावायला लागलं. रघोजीनं ओट्यावरून पाय खाली सोडले, दोन्ही टाचा मातीवर टेकवल्या आणि मोठ्यानं रडायला लागला. "अंबेचं सुतक फिटलं," तो म्हणाला. "नऊ वर्षं ती खोळंबली होती."

मग डोळे पुसून तो आत गेला आणि ते धोतर अन् तो नारळ माझ्या ओल्या हातांत दिला. मी नको म्हणाले नाही. नाही म्हणायचं नसतं.

रविवारी दुपारी देवळाच्या विहिरीत तूस तरंगलं. चिदंबरनं मूठभर तूस कागदाच्या पुडीत बांधून घेतलं आणि मद्रासला नेलं. साहेबांना काय सांगितलं ते ठाऊक नाही, पण चाळीस दुकानं राजवाड्याच्या पलीकडच्या पडीक आवारात गेली आणि तळ्याच्या जागचे चौकोन खोडले गेले. पुढे वर्षभर रघोजी अनवाणी पुढे चालायचा आणि चिदंबर मागून नकाशा काढायचा. "इथं गार लागतंय" की खूण. आणखी दोन बोळांचे नळ सापडले. नवी गटारं तळ्यात न सोडता वळवून नेली. उन्हाळ्यात सरकारी नळ कोरडा पडला की लोक पुन्हा विहिरीवर यायला लागले. शेषम्मा तर रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही बोलावून पाणी पाजायची. "पी, पी, बकुळतळ्याचं आहे." डासांचं नाव नाही!

अडुसष्ट साली माघात रघोजी गेला. मी तेव्हा कुंभकोणमच्या शाळेत होते. दट्ट्या ठोकायला शेषम्माचा मुलगा सूर्यनारायण शिकला होता, त्यानं ठोकला, हे अप्पांच्या पत्रातून कळलं. घरात मागे कोणीच नव्हतं. बहीण आधीच गेलेली. तेराव्याला त्या रिकाम्या घरी कोण जाईल, या विचारानं मला झोप लागेना. बाराव्या दिवशी हेडमिस्ट्रेसशी भांडून रजा घेतली आणि तेराव्याला पहाटेच्या पहिल्या बसनं निघाले. पिशवीत अम्माचं नऊवारी.

बोळात शिरले तेव्हा नुकतं उजाडत होतं. पाचव्या घरापुढे माणसं उभी होती. अप्पा होते, गुडघे धरून. सूर्यनारायण होता. पहिल्या घरातले होते, शेवटच्या घरातले होते, देवळाचे पुजारी होते. बहात्तर वर्षांची शेषम्मा कासोटा घालून, दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून सगळ्यांच्या पुढे उभी होती. दहा घरांची माणसं. कोणी कोणाला सांगून आलं नव्हतं. रघोजीच्या दारात दुसरं कोणी येणार नाही, असं प्रत्येकाला वाटलं होतं.